तांब्यावरची पुसलेली अक्षरं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेले सगळे फोटो इथे छापणं शक्य नाही, म्हणून चारदोन वाक्यं वाढवली आहेत.)

व्यासपीठावरचे आमचे सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या १९९५ च्या दहावी 'अ', 'ब' आणि ज्यांच्याशिवाय शाळेला आवाजच आला नसता त्या 'क' तुकडीतल्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला 'एआय आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. मी गेली तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे तो माझ्याकडे येणं साहजिक होतं. पण त्या विषयावर आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी विचारलं, मी जुन्या भांड्यांच्या फोटोंबद्दल बोलू का? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "वीस मिनिटांत आटप. नंतर जेवण आहे." तेव्हा भांडी रिकामीच आहेत, पण तुम्हाला फार वेळ उपाशी ठेवणार नाही.

सुरुवात आपल्या चित्रकलेच्या वर्गापासूनच करावी लागेल. एलिमेंटरीचा वस्तुचित्राचा तास आठवतोय का? टेबलावर ती तपकिरी चादर, तिच्यावर पितळी तांब्या, एक वाटी, दोन वांगी आणि एक केळं. केळं मधल्या सुट्टीत नाहीसं व्हायचं. ज्याच्यामुळे व्हायचं तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि हसतोय. मी तांब्याची बाह्यरेषा काढून लगेच शेडिंगला भिडायचे. सर मागून येऊन विचारायचे, "उजेड कुठून येतोय?" मी सगळीकडे बघायचे. सर म्हणायचे, "आधी ते ठरव, मग पेन्सिल उचल." मला 'सी' श्रेणी मिळाली. सरांचा प्रश्न मला कळायला पुढे तीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वाईचं गंगापुरीतलं घर रिकामं करायला घेतलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली होती, भाऊ बंगळुरूला. घर पाडून नवीन बांधायचं ठरलं होतं. माळा, कोठीची खोली, पडवी, सगळीकडून सामान निघायला लागलं. बंब निघाला, फुंकणी निघाली, पिन हरवलेला स्टोव्ह, दाते बोथट झालेली विळी, सोऱ्या, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या, काच तडकलेले दोन कंदील. धान्य मोजायची अधोली निघाली आणि तिच्यात चिपटं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. हे कोष्टक आईला अजून घडाघडा येतं. प्रत्येक वेळी दुप्पट. मी आयुष्यभर बायनरीत काम करते आणि आमच्या कोठीच्या खोलीत ती आधीपासूनच मांडून ठेवलेली होती.

एवढं सगळं पुण्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावणार नव्हतं. भाऊ म्हणाला, "फोटो काढून ठेव, वस्तू देऊन टाकू." मला ते पटलं. इंजिनिअरला पटणारंच वाक्य आहे ते. कागद स्कॅन करतो तशा वस्तू स्कॅन करायच्या, मूळ प्रत गेली तरी चालते.

ही कल्पना काही आजची नाही. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात, १८४४ मध्ये, इंग्लंडमध्ये टालबट नावाच्या गृहस्थांनी छायाचित्रं चिकटवलेलं पुस्तक हप्त्याहप्त्याने छापायला घेतलं. त्यात फडताळावर मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचं एक चित्र आहे. सोबत त्यांनी साधारण असं लिहिलंय, की या भांड्यांची शब्दांत यादी करायला जितका वेळ लागेल, त्याहून फार जास्त वेळ चित्राला लागत नाही. आणि उद्या चोराने ती पळवली तर हे मुकं चित्र कोर्टात साक्षीला उभं करता येईल. म्हणजे कॅमेरा आला आणि माणसाच्या मनात आलं काय, तर घरातल्या भांड्यांची यादी! आपल्या आज्या भांडी मोजून कपाटात ठेवायच्या, त्याच जातीचं काम.

मग मी सेकंडहँड कॅमेरा घेतला, पन्नास एमएमची लेन्स घेतली, तिवई घेतली. आणि एक गोष्ट केली जी आज तुमच्यासमोर कबूल करायची आहे. भांडी फोटोत उठून दिसावीत म्हणून ती घासायला काढली. मोठी भांडी चिंच आणि पितांबरीने घासली. आणि आजीचा पाणी प्यायचा तांब्या, जो सगळ्यात काळवंडलेला होता, तो एका दुकानात नेऊन मशीनवर बफिंग करून आणला. काय लखलखत होता! पांढऱ्या कार्डशीटवर ठेवला, दोन्ही बाजूंनी एलईडी दिवे लावले, फोटो काढला. हा तो पहिला फोटो, बघा. ऑनलाइन खरेदीच्या पानावर असतो तसा.

आईला दाखवला. ती चष्मा पुसून बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. कुठनं घेतलास?"

मी म्हटलं, अगं, आपला तांब्या आहे. आईंचा. (आजीला आम्ही सगळे, म्हणजे नातवंडंसुद्धा, 'आई'च म्हणायचो; माझ्या आईला 'मम्मी' म्हणायची आमची हिंमत नव्हती म्हणून तिचं 'आईसाहेब' झालं. ते राहू दे.) आईसाहेब म्हणाल्या, "त्यांचा तांब्या असा नव्हता."

त्या दिवसापासून मी नीट शिकायला लागले. दिवे बाजूला ठेवले आणि वाईच्या घराच्या मागच्या पडवीतल्या उत्तरेच्या खिडकीशी टेबल लावलं. घर पडायला अजून चार महिने होते, दर शनिवारी येत होते. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, दिवसभर शांत उजेड असतो. खिडकीला बाबांचं जुनं धोतर बांधलं. मग पहिला धडा मिळाला. पितळ म्हणजे आरसा. त्याचा फोटो काढताना तुम्ही पितळावर उजेड टाकत नसता, पितळाला समोर जे दिसतं त्यावर टाकत असता. पहिल्या फोटोत तांब्याच्या पोटात मी स्वतः होते, लाल कुडता, वाकडी मान, कॅमेऱ्यामागे अर्धा चेहरा. शेजारी खिडकी, दार, आणि दारात चहा घेऊन उभी असलेली आईसुद्धा. कुणीतरी सुचवलं, पोलरायझर फिल्टर लाव, चकाकी जाते. मी दीड हजार रुपये घालवले. पाण्यावरची, काचेवरची चकाकी त्याने कमी होते, धातूवरची जवळजवळ होत नाही. बारावीच्या फिजिक्सला लक्ष दिलं असतं तर पैसे वाचले असते.

उपाय अगदी घरगुती निघाला. तांब्याच्या एका अंगाला पांढरी चादर धरायची, म्हणजे पितळावर मऊ उजळ पट्टा येतो. दुसऱ्या अंगाला काळं कार्डशीट उभं करायचं, म्हणजे त्या बाजूची कड गडद होऊन वस्तूचा गोलावा दिसतो. पेन्सिलने सर जे करायला सांगत होते तेच. मधली छटा आपोआप येते. घरात उजेड कमी, म्हणून कॅमेरा तिवईवर, आयएसओ शंभर, एफ अकरा, आणि शटर दीड-दोन सेकंद उघडं. बटणाला बोट लावलं तरी चित्र हलतं, म्हणून टायमर. ते दोन सेकंद मी आणि आई श्वास रोखून उभ्या राहायचो. रस्त्यावरून ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून.

या नादात मी इतरांचं कामही बघायला लागले. प्रागचे जोसेफ सुदेक यांचा पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला. एका हाताने मोठाले कॅमेरे सांभाळत त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीत ठेवलेला पाण्याचा ग्लास, अंडं, पाव, असल्या वस्तूंचे फोटो वर्षानुवर्षं काढले. त्यातला ग्लास बघितला की आपल्याला तहान लागत नाही, कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटतं. अमेरिकेच्या एडवर्ड वेस्टन यांची १९३० सालची ढोबळी मिरची जगप्रसिद्ध आहे. ती त्यांनी पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, म्हणून मागे तो गोलाकार अंधार. त्याच वेस्टन यांनी मेक्सिकोत असताना, १९२५ मध्ये, आपल्या घरातल्या कमोडचा फोटो काढला आणि तोही सुंदर आहे. हसू नका, शोधून बघा. जेवणानंतर बघा.

आणि पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आपली सहल गेली होती तिथे, पण आपण सगळे बसमध्ये कोण कुणाशेजारी बसणार यात गुंतलो होतो. यावेळी मी एकटी गेले आणि अडकित्त्यांपुढे तासभर उभी राहिले. केळकरांनी लोकांच्या घरांतून, जुन्या बाजारांतून असल्या वस्तू जन्मभर जमवल्या आणि संग्रहाला आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. आपल्याकडे ज्याला अडगळ म्हणतात ती त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली.

आता परातीकडे येते. त्यासाठीच खरं तर आज उभी आहे.

परात मोठी, दोन माणसांनी उचलायची. लाडवांचं पीठ, लोणच्याच्या कैऱ्या, सगळं हिच्यात. तिचा फोटो काही केल्या चांगला येत नव्हता. समोरून बघितलं तर नुसती पिवळी तबकडी. एका शनिवारी लाइट गेले, संध्याकाळ झाली होती. आवरायला म्हणून मी मोबाइलची बॅटरी लावली आणि मोबाइल परातीच्या काठाशेजारी टेबलावरच आडवा ठेवला. उजेड परातीवरून जमिनीलगत सरपटत गेला आणि काठावर एकदम टिंबं उभी राहिली.

भांडेवाले पूर्वी छिन्नीने टिंबं मारून नाव घालून द्यायचे, तुमच्याही घरी असेल. समोरून उजेड आला की टिंबाचा खड्डा आणि पृष्ठभाग सारखेच उजळतात, काही दिसत नाही. तिरपा उजेड आला की प्रत्येक खड्ड्याची एक कड चमकते आणि दुसरी सावलीत जाते. राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून घासून ती अक्षरं जवळजवळ सपाट झाली होती. आम्ही त्या परातीत आयुष्यभर खाल्लं आणि कुणालाच ती माहीत नव्हती. मी मोबाइल हळूहळू फिरवत वाचत गेले. एक बाईचं नाव, मग आजीच्या वडिलांचं नाव, आणि 'शके १८६८'. म्हणजे १९४६-४७.

बाईचं नाव आजीचं नव्हतं. आजीचं जे नाव आम्हाला माहीत होतं, रेशनकार्डावर, बँकेत, तिच्या तेराव्याच्या पत्रिकेत, ते नव्हतं.

मी आईला हाक मारली. तिने खाली बसून वाचलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे त्यांचं माहेरचं नाव. मी एकदाच ऐकलंय. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला त्यांचे भाऊ आले होते, त्यांनी दारातून हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वळल्या."

लग्नात नाव बदललं, की मग सत्तर वर्षं ते नाव कुणी घेतलं नाही. भाऊ गेल्यावर तर घेणारं माणूसच उरलं नाही. फक्त परातीच्या काठाने धरून ठेवलं होतं. ते नाव मी इथून सांगणार नाही, स्मरणिकेतही छापू नका. आईची तशी इच्छा आहे.

मग मी विचारलं, माहेरून आणखी काय आलं होतं? आई बोटांवर मोजायला लागली. रुखवतात पाच भांडी आली होती. परात, घंगाळ, हंडा, कळशी आणि पाणी प्यायचा तांब्या.

घंगाळ, हंडा आणि कळशी आदल्याच दिवाळीत मी स्वतः गाडीत घालून मोडीत दिली होती. अकरा किलो चारशे ग्रॅम. पावती अजून आहे माझ्याकडे, कारण मी पावत्या जपते. त्या पैशांत कुकर आणि नॉनस्टिकचा तवा आला. तवा सहा महिन्यांत सोलवटला.

राहिला तांब्या. मी धावत जाऊन तो आणला, मोबाइल आडवा लावला, गळ्याभोवती, काठाच्या आत, बुडाशी, सगळीकडे फिरवला. आरशासारखा गुळगुळीत. मानेपाशी फक्त दोन टिंबं सापडली, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. बाकीची बफिंगच्या चाकाने नेली. दुकानदाराचा काही दोष नाही. मी सांगितलं तेच त्याने केलं. "एकदम नव्यासारखा करा," हे माझे शब्द.

आता संयोजकांचा विषय येतो बघा शेवटी. बफिंगला देण्याआधी मी तांब्याचा एक फोटो मोबाइलवर काढला होता, भावाला पाठवायला. समोरून, फ्लॅश मारून. तो मी कॉम्प्युटरवर उघडला, मोठा केला, कॉन्ट्रास्ट वाढवला. मानेपाशी काळ्या ठिपक्यांची एक पुसट रांग दिसते. ती टिंबं असतील, नाहीतर नुसते डागही असतील. फोटो सुधारून देणारं सॉफ्टवेअर असतं, तशा प्रकारचं काम मी पोटासाठी करते. एका रात्री दोन वाजेपर्यंत बसून तो फोटो त्यात घातला. त्याने मला अक्षरं काढून दिली. ठसठशीत, सुबक, वरती शिरोरेघ ओढलेली. पण ती कुठल्याच भाषेतली नव्हती. देवनागरीसारखी दिसणारी नुसती नक्षी. पुन्हा घातला तर दुसरीच नक्षी. त्या यंत्राला 'पितळी भांड्यावर साधारण काय असतं' एवढं माहीत होतं, आणि तेवढं त्याने भरलं. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, ते बनवलेलंच त्यासाठी असतं. पण फ्लॅशने समोरून जे टिपलंच नाही ते नंतर कुठून आणणार? मी ती फाइल पुसून टाकली. न जाणो, माझ्या मुलीने उद्या तोच आजीचा खरा तांब्या समजून जपून ठेवला असता.

त्यानंतर मी पद्धत बदलली. प्रत्येक वस्तूचे आता चार फोटो काढते, घासण्याआधी. एक पडवीच्या उजेडात, ती जिथे असायची तिथेच ठेवून. विळी पाटावर, सोऱ्या वर्तमानपत्रावर. एक शेजारी पट्टी ठेवून, मापासाठी. एक उलटी करून, कारण बुडावर खूप काही असतं: कल्हईचे थर, डाग दिलेल्या जागा, चुलीचा काळा. आणि चौथा अंधारात, एकाच आडव्या उजेडात, चारही दिशांनी फिरवून. फोटोसोबत आई सांगेल ते लिहून ठेवते. रवीचा दांडा एका बाजूने जास्त झिजलाय कारण आजी डावखुरी होती. हेही मला माहीत नव्हतं. जेवायला ती उजवा हात वापरायची, वापरावा लागायचा. ताक मात्र डाव्या हाताने घुसळायची.

एकशे बारा वस्तूंचे फोटो झाले. घर मागच्या मे महिन्यात पडलं. बऱ्याच वस्तू शेवटी दिल्याच, खोटं कशाला बोलू. बंब कुठे ठेवणार होते मी? परात आमच्या बाल्कनीत भिंतीला टेकून उभी आहे. पुसायची नाही म्हणून कामाच्या मावशींना सांगितलंय, त्या माझ्याकडे जरा दयेने बघतात. तांब्या मी रोज पाणी प्यायला वापरते. तो पुन्हा काळवंडायला लागलाय आणि मी त्याला काळवंडू देतेय.

आता शेवटचं, आणि हे कामाचं आहे. काल मुख्याध्यापकांना भेटायला गेले तेव्हा कळलं की आपल्या वेळचा तो पितळी तास, ज्याच्यावर टोल पडायचा, तो अजून आहे. इलेक्ट्रिक बेल आल्यापासून भांडारखोलीत पडून होता. मेळाव्यासाठी तो पॉलिश करून प्रवेशद्वारात टांगायचं ठरलं होतं. मी हात जोडून दोन दिवस थांबायला सांगितलंय. बॅटरी लावून बघितलं, मागच्या बाजूला काहीतरी टिंबं आहेत, पण वर चुन्याचे शिंतोडे आहेत आणि मला एकटीला तो उचलत नाही. मध्यभागी टोल पडून पडून जो खळगा झालाय ना, त्यात माझा अंगठा सहज बसतो.

उद्या सकाळी साडेसातला, उन्हं वर यायच्या आत, मी भांडारखोलीपाशी असेन. तास धरायला दोघं हवेत, पांढरी चादर धरायला दोघं. चादर मी आणते. तिसऱ्या रांगेतल्याने केळी आणावीत.